फळा, पाठमाला आणि मास्तरांची समजूत

इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून शिकवावी आणि कोणत्या पद्धतीने शिकवावी, याचा वाद महाराष्ट्रात पावणेदोनशे वर्षे चालू आहे. त्यासाठी समित्या बसल्या, पाठ्यपुस्तके बदलली, सरकारे बदलली. पण वर्गात खडू घेऊन जो माणूस उभा असतो त्याच्या मनात काय असते, याविषयी आपण फारसे बोलत नाही. समोर बसलेल्या पोराला ही भाषा येईल की येणार नाही, याचा निवाडा त्याने तोंड उघडण्यापूर्वीच केलेला असतो. तो निवाडा कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेला नसतो. तरी तास त्याच निवाड्यावर चालतो. मी स्वतः इंग्रजीचा प्राध्यापक आहे, आणि घराण्यात पदवी घेणारा पहिलाच. म्हणून हा निवाडा मी दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. आधी बाकावरून आणि नंतर फळ्यापासून. प्रस्तुत लेखात मी त्याचा मागोवा घेणार आहे, आणि शेवटी माझ्याही वर्गाची झडती घेणार आहे.

सुरुवात सरकारच्या मनापासून करावी लागते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना १८२३च्या अखेरीस त्याने शिक्षणावर एक टिपण लिहिले. त्यात तो कबूल करतो की, सर्वांत खालच्या जातींची मुले उत्तम विद्यार्थी ठरतात, असा मिशनऱ्यांचा अनुभव आहे. आणि लगेच बजावतो की, त्यांना खास उत्तेजन देताना सावध असावे, कारण नवे शिक्षण प्रथम त्यांच्यात रुजले तर वरच्या जाती त्याला शिवणार नाहीत. म्हणजे 'यांना येत नाही' हा समज मुळात अनुभवातून आलेलाच नाही. 'यांना येते' हे ठाऊक होते. पण ते येऊ देणे सोयीचे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला जे निवेदन दिले, त्यात हे टिपण मुद्दाम पुढे ठेवले आहे. आपल्या प्रत्येक शिक्षकाने ते एकदा वाचले पाहिजे.

१८३५च्या मेकॉलेच्या टिपणावर आपल्याकडे एवढी शाई खर्ची पडली आहे की, मी त्यात भर घालत नाही. मुंबई इलाख्यापुरते बोलायचे तर खरा वाद १८४७च्या सुमारास शिक्षणमंडळात झाला. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी इंग्रजी माध्यमाच्या बाजूने, तर कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आजही वाचनीय आहेत. परंतु एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. भाषा कोणती, यावर ही मंडळी हमरीतुमरीवर आली. मूल कोणाचे, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

तो प्रश्न एका मुलानेच उभा केला. जून १८५६मध्ये एका महार मुलाने धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागितला. तो नाकारला गेला तेव्हा त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारचा जबाब असा की, न्यायाच्या दृष्टीने बाजू मुलाचीच आहे, पण एकट्याला आत घेतले तर बाकीचे सगळे उठून जातील आणि शाळा निरुपयोगी होईल. वुडच्या खलित्याला तेव्हा पुरती दोन वर्षे झाली होती. पुढे हिंदुस्थान सरकारने आणि लंडनच्या डायरेक्टरांनी, सरकारी शाळा सर्वांना खुल्या आहेत, असे स्पष्ट केले. दार कागदावर उघडले. पण कागद शाळेपर्यंत पोचतो; वर्गाच्या उंबऱ्याच्या आत मास्तराचे राज्य असते.

हे जोतीराव फुल्यांनी पुरते ओळखले होते. ते स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले होते. सावित्रीबाईंनी अहमदनगरला मिस फॅरार यांच्या शाळेत अध्यापनाचे धडे घेतले, आणि १८५४च्या आपल्या 'काव्यफुले'त इंग्रजीला आई म्हणून हाक मारली. त्या हाकेची आजची मंडळी थट्टा करतात. ज्या बाईच्या अंगावर शाळेच्या वाटेवर शेण पडले, तिने कोणाला आई म्हणावे हे त्यांनी शिकवू नये. असो. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी जे निवेदन केले ते शिक्षणाच्या इतिहासात पुष्कळदा उद्धृत होते, पण त्यातला शिक्षकाविषयीचा भाग घाईने ओलांडला जातो. प्राथमिक शाळांतले मास्तर जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत. महार-मांगांची मुले इतरांच्या शेजारी बसू दिली जात नाहीत, म्हणून शाळेबाहेरच राहतात. तेव्हा शेतकरी जातींतून शिक्षक तयार करा, जे मुलांत मोकळेपणी मिसळतील आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाजणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे. हे केवळ नोकऱ्यांतल्या वाट्याचे मागणे नव्हते. शिकवणाऱ्याच्या मनातली मुलाची प्रतिमा बदलल्याशिवाय शिकवणे बदलत नाही, हा विचार त्यात आहे. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांनी तो पुढे शंभर वर्षांनी मांडला.

आता वर्गात जाऊ. कॅम्प स्कूल सोडून भीमराव साताऱ्याच्या हायस्कुलात आले तेव्हाची हकीगत सर्वांना ठाऊक आहे. गोणपाटाचा तुकडा घरून न्यायचा, त्यावर वेगळे बसायचे, संध्याकाळी तो परत आणायचा. शिपाई पाणी ओतील तेव्हाच प्यायचे. या अपमानांवर आपण भाषणे करतो, आणि केलीच पाहिजेत. पण मला भाषेचा शिक्षक म्हणून धनंजय कीरांनी चरित्रात नोंदवलेला दुसरा तपशील अधिक अस्वस्थ करतो. काही शिक्षक त्यांच्या वहीला हात लावत नसत. काहीजण विटाळाच्या भीतीने त्यांना कविता म्हणायला सांगत नसत, प्रश्न विचारत नसत. भाषा शिकवणे म्हणजे दुसरे काय असते? प्रश्न विचारणे, उत्तर ऐकणे आणि वही तपासणे. या तिन्ही गोष्टी काढून घेतल्या तर मूल वर्गात बसलेले असते, पण त्याला शिकवणारे कोणी नसते. पुढे मुंबईला, एल्फिन्स्टन हायस्कुलात, मास्तरांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तर फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून पोरांनी धावत जाऊन ते उचलले. तेथे मास्तरांनी निदान बोलावले तरी. संस्कृतची वाट बंद झाली, फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले.

मग भीमरावांना इंग्रजी शिकवली कोणी? सुभेदार रामजी सकपाळांनी! ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, पण तिचा अर्थ नीट लावत नाही. रामजीबाबा लष्करात शिक्षक होते, पुढे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. पलटणीतल्या लोकांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते, म्हणून महारांच्या काही घरांत त्या काळी वाचन आले. (१८९०नंतर महारांची भरती बंद झाली आणि ते दारही मिटले. गोपाळबाबा वलंगकरांचा १८९४चा अर्ज आणि शिवराम जानबा कांबळे यांचा १९१०चा इंग्रजी अर्ज हे त्या दारावर मारलेले धक्के आहेत.) रामजीबाबांनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला पाठ करून घेतल्या. परळच्या चाळीतील एका खोलीत, पहाटे दोन वाजता त्याला उठवून अभ्यासाला बसवले. पुस्तकासाठी पैसे नसले तर लेकींचे दागिने गहाण टाकले.

तर्खडकरी पद्धतीला आज कोणीही हसतो. मराठी वाक्य घ्या, शब्द पाहा, नियम लावा, इंग्रजी करा. यात बोलणे नाही, ऐकणे नाही, भाषेचा श्वास नाही. संस्कृतची रूपावली जशी घोकायची तशीच ही इंग्रजी. पाठांतर म्हणजेच विद्या, अशी ज्या समाजाची परंपरा, त्याच्या मास्तरांना ही पद्धत मानवली यात नवल नाही. मीही उजळणी वर्गांत या पद्धतीवर टीकेचे निबंध वाचले आहेत. पण रामजीबाबांच्या हातात तीच पाठमाला वेगळी झाली. माझ्या मते याची कारणे दोन. पाठमालेला विटाळ होत नाही. वर्गात ज्याला कोणी विचारत नाही, त्याला ती घरी बसून शिकता येते. मास्तराच्या कृपेवाचून जी थोडी साधने बहिष्कृताच्या हाती लागली त्यांतले हे एक. दुसरे कारण अधिक मोलाचे. शिकवणाऱ्याला खात्री होती की या पोराला येणार. पद्धत जुनाट होती, समजूत नवी होती. उलट साताऱ्याच्या मास्तरांजवळ पुस्तके तीच होती.

पुढचा पद्धतींचा इतिहास मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात आपली मुले फारशी दिसत नाहीत. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेल्या रेन नावाच्या साहेबाचे आणि मार्टिनचे व्याकरण १९३०च्या दशकात आले. ते अजून दुकानांत आहे. स्वातंत्र्यानंतर, १९४८च्या सुमारास, बाळासाहेब खेरांच्या सरकारने मुंबई राज्यात पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढली. ती आठवीपासून सुरू होऊ लागली. मातृभाषेच्या प्रेमाचा तो काळ. या प्रेमाची परीक्षा लवकरच झाली. ६ जानेवारी १९५४ रोजी सरकारने हुकूम काढला की, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा मुलांना इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी घेऊ नये. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि त्याच वर्षी हुकूम रद्द झाला. ज्यांना परवडत होते त्यांच्या मुलांसाठी इंग्रजीचे दार न्यायालयाने उघडे ठेवले. जिल्हा स्कूल बोर्डाच्या शाळेत बसलेल्या आमच्या बापजाद्यांची इंग्रजी मात्र आठवीपर्यंत थांबून राहिली. आणि सातवीनंतर शाळेत उरले किती?

आमच्या मराठवाड्याची तऱ्हा याहून निराळी. येथे निजामाचे राज्य. उस्मानिया विद्यापीठात १९१८पासून उर्दूतून उच्च शिक्षण. वस्तीची बोली, पुस्तकी मराठी, शाळेची उर्दू आणि वर इंग्रजी, अशा चार पायऱ्या चढून आलेला मुलगा १९५० साली त्या वेळच्या औरंगाबादेत बाबासाहेबांनी काढलेल्या महाविद्यालयात, म्हणजे पुढच्या मिलिंदमध्ये, पोचत असे. नागसेनवनात शिकलेले एक वयोवृद्ध प्राध्यापक मला सांगत की, तेथे आल्यावर प्रथमच कोणीतरी त्यांचा इंग्रजी निबंध लाल शाईने भरून परत दिला. "चुका दाखवल्या म्हणून मी रडलो नाही रे," ते म्हणत, "कोणीतरी वाचलं म्हणून रडलो."

बाबासाहेबांची स्वतःची भाषानीती येथे लक्षात घेतली पाहिजे. 'मूकनायक' १९२० साली त्यांनी मराठीत काढले, 'बहिष्कृत भारत'ही मराठीत. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' १९३६ साली इंग्रजीत. ज्याच्याशी बोलायचे त्याची भाषा, आणि ज्याच्याशी भांडायचे त्याचीही भाषा. इंग्रजीला त्यांनी पूजले नाही, वापरले. २०१०मध्ये उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यातल्या बांका गावी इंग्रजी देवीच्या मंदिराचा पाया घातला गेला. तिच्यामागची तळमळ मला कळते. तरी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या माणसाला नवी देवी कशाला हवी, हे कळत नाही. आम्हाला हवा आहे तो वही तपासणारा मास्तर.

मी पाचवीत गेलो १९९९ साली. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून होती. आमचे गाव बीड जिल्ह्यातले, वस्ती गावाबाहेर, आईबाप दोघे मजुरीला. शाळा कोणती ते सांगत नाही. सर आज हयात आहेत आणि माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी एकदा फळ्यावर 'आय अ‍ॅम रीडिंग अ बुक' असे लिहिले आणि मला मराठी करायला सांगितले. मी म्हणालो, "मी पुस्तक वाचायलोय." वर्ग हसला. सर म्हणाले, "आधी मराठी शिकून ये, मग इंग्रजीचं बघू." बरोबर उत्तर होते 'मी पुस्तक वाचत आहे'. मी बसलो, आणि दहावीपर्यंत इंग्रजीच्या तासाला आपण होऊन कधी उठलो नाही. त्यांनीही मला परत विचारले नाही. त्यांच्या मते ती दया होती. पोराची फजिती कशाला?

आता इंग्रजीचा शिक्षक झाल्यावर मला त्या वाक्यातली गंमत कळते. मराठवाड्याच्या बोलीत 'वाचतो' वेगळे आणि 'वाचायलोय' वेगळे. रोजची सवय एक रूप सांगते, आत्ता चाललेली क्रिया दुसरे. इंग्रजीला नेमका हाच भेद हवा असतो आणि शहरातल्या मुलांना तो समजावताना मास्तरांच्या तोंडाला फेस येतो. तो माझ्या जिभेवर आयता होता. म्हणजे माझी बोली इंग्रजीच्या आड येत नव्हती, उलट तिच्याकडे नेत होती. सरांना ते दिसले नाही, कारण भाषांतर प्रमाण मराठीतूनच होते अशी त्यांची श्रद्धा होती. बहुजनांच्या पोराला अशी दोन भाषांतरे करावी लागतात. एक पांढरपेशा मराठीत आणि मग तेथून इंग्रजीत. पहिल्याच मुक्कामावर पुष्कळजण गळतात, आणि पाटी लागते 'इंग्रजीत कच्चा'.

दुसऱ्याच वर्षी, जून २०००मध्ये, राज्यातल्या सगळ्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली. माझा धाकटा भाऊ तेव्हा पहिलीत. त्या निर्णयाला पुण्या-मुंबईच्या विद्वानांनी विरोध केला. आमच्या वस्तीने मात्र स्वागत केले, आणि मी आजही वस्तीच्याच बाजूचा आहे. पण भावाचे गुरुजी स्वतः पाचवीपासून, भाषांतराने, मार खात इंग्रजी शिकलेले. त्यांना थोड्या दिवसांचे प्रशिक्षण दिले आणि गाणी, खेळ, संवाद यांनी भरलेले देखणे पुस्तक हाती ठेवले. गुरुजींनी त्या पुस्तकातले प्रत्येक गाणे फळ्यावर उतरवले, खाली मराठी अर्थ लिहिला, स्पेलिंगे पाठ करायला दिली. ते आळशी नव्हते. शिकवणे म्हणजे काय, हे ते आपल्या मास्तरांकडे पाहून बारा-पंधरा वर्षे शिकले होते. पंधरवड्याच्या प्रशिक्षणाने ते पुसले जाईल कसे? डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली शालेय शिक्षकांवरील पुस्तकात हेच म्हटले आहे. शिक्षकाची खरी उमेदवारी बाकावर बसूनच झालेली असते. आपले एन. एस. प्रभू याहून पुढे गेले. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी बंगळूरच्या प्रकल्पात दक्षिणेतल्या साध्या सरकारी शाळांत व्याकरण न सांगता, मुलांना सोडवायला कामे देऊन इंग्रजी शिकवून पाहिली. आणि एवढे करून १९९० साली त्यांनी लिहिले की, सर्वोत्तम पद्धत म्हणून काही नसते. आपण करतो ते खरेच उपयोगी आहे असे शिक्षकाला आतून पटलेले असणे, हीच मुख्य गोष्ट. मला हा विचार मोठा वाटतो. फक्त प्रभूंना मी एक पुरवणी जोडीन. आपल्या देशात शिक्षकाला आतून काय पटते, ते जातीने पुष्कळसे आधीच ठरवलेले असते.

म्हणून एकच अपयश दोन नावांनी ओळखले जाते. सवर्ण घरातल्या मुलाला इंग्रजी आली नाही की चर्चा होते पद्धतीची, पुस्तकाची, माध्यमाची. आमच्या मुलाला आली नाही की चर्चा संपते. २०२५ साली पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला, शासनाला निर्णय मागे घ्यावा लागला. मोर्चे, लेख, मुलाखती, सगळे झाले. चौथीतल्या ज्या पोराला मराठीच वाचता येत नाही त्याच्या मास्तराला काय वाटते, हे त्या गदारोळात कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

येथवर लिहून थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. दोष त्यांचा, दुःख आमचे. पण मी गेली अकरा वर्षे एका तालुक्याच्या गावी बी. ए.च्या पहिल्या वर्षाला आवश्यक इंग्रजी शिकवतो. वर्गात ऊसतोड्यांची, सालगड्यांची, पारधी वस्तीवरची, गावातल्या दुकानदारांची मुले आहेत. जोतीरावांनी मागितला होता तसा शिक्षक मी असायला हवा. नांगराची मूठ मी धरलेली आहे. आणि मी काय करतो? धडा वाचतो, वाक्यावाक्याचा मराठी अर्थ सांगतो, संभाव्य प्रश्नांची उत्तरे उतरवून देतो. उजळणी वर्गात मी संवादपद्धतीवर बोलतो. त्या भाषणाबद्दल मला टाळ्या मिळाल्या आहेत. परत आलो की पुन्हा गाईडची छपाई. सहकारी विचारतात तेव्हा माझे उत्तर तयार असते: ऐंशी पोरे, आठवड्याचे मोजके तास, विद्यापीठाची प्रश्नपत्रिका. ही कारणे खोटी नाहीत. पण त्यांच्या तळाशी एक वाक्य आहे, आणि ते मी स्टाफरूममध्ये मोठ्याने बोललेलोही आहे. 'यांना झेपणार नाही.'

तीन वर्षांपूर्वी एक मुलगी तासानंतर माझ्यामागे व्हरांड्यात आली. आईबाप सहा महिने कारखान्यावर असतात, ही आजीजवळ राहते. तिने वही पुढे केली आणि म्हणाली, "सर, तुम्ही सगळ्यांच्या वह्या बघता, माझी एकदाही बघितली नाही." मी म्हणालो, "तू दाखवली नाहीस." ती म्हणाली, "तुम्ही मागितली नाही, सर." मी काही बोललो नाही. संध्याकाळी हजेरीपट घेऊन बसलो आणि त्या सत्रात मी कोणाला उभे केले, कोणाची वही घेतली, हे आठवून नावांपुढे खुणा केल्या. पुढच्या दोन बाकांवरची पंधरा-सोळा नावे. त्यांत दुकानदारांची मुले बहुतेक सगळी. आमच्या वस्त्यांवरची तीन. मागच्या बाकांवरच्या पोरांना मी विचारत नव्हतो. त्यांची फजिती होऊ नये म्हणून! माझ्या सरांची दया माझ्याकडे वारशाने आली होती. विटाळ मी मानत नाही. तरी साताऱ्याच्या वर्गात जे घडत होते त्यातले काही माझ्या वर्गात घडत होते, आणि ते मी करत होतो.

त्यानंतर मी दोन साधे बदल केले. रोज दहा वह्या, हजेरीच्या क्रमाने. कोणाचीही सुटता कामा नये. आणि प्रत्येकाने आठवड्याला पाच वाक्ये आपल्या घरच्या बोलीत लिहायची, मग तीच इंग्रजीत, मधे पुस्तकी मराठी नको. तर्खडकरच हा, फक्त मुक्काम एक कमी. निकाल फार उजळला असे सांगता येणार नाही. पहिल्या वर्षी मागच्या बाकांवरचे निम्मे पोर पूर्वीसारखेच नापास झाले. दोघांनी वर्गात येणेच सोडले. रोज वही मागितली जाते याची त्यांना सवय नव्हती. धडे पुरे होत नाहीत म्हणून प्राचार्यांकडे तक्रार गेली, आणि तक्रार करणाऱ्यांत आपलीही मुले होती. त्यांना उत्तरे उतरवून हवी होती. त्यांना तरी काय बोलणार? मीही तसाच पास झालो आहे.

त्या मुलीची वही माझ्याजवळ काही दिवस होती. पहिल्या पानावर तिने लिहिले होते, 'माय ऊस तोडायलीय, मी कॉलेजात बसलीय.' खाली इंग्रजीत, 'माय मदर इज कटिंग केन, आय अ‍ॅम सिटिंग इन कॉलेज.' मदरच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकले होते. क्रियापदे दोन्ही बरोबर होती. मी अक्षर दुरुस्त केले, तारीख घातली आणि सही केली.